पूजेतला व्होल्टमीटर

अंबडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या काकासाहेबांनी नोकरीभर एकच पराक्रम केला. सागवानी पेटीतल्या जुन्या व्होल्टमीटरला त्यांनी कुणाचं बोट लागू दिलं नाही. दर दसऱ्याला मात्र स्वतः त्याला हळदकुंकू वाहिलं, वर पाणीही शिंपडलं.

परवा ऐन परीक्षेत वापरातला मीटर बंद पडला, तेव्हा भौतिकशास्त्राच्या साधना मॅडमनी हट्टाने कपाटातली ती पेटी उघडायला लावली. तारा जोडल्या, पण काटा जागचा हलेना. आत कुंकवाचा चिखल सुकून बसला होता.

“पूजेत कधी खाडा पडू दिला न्हाई, मॅडम,” काकासाहेब छाती काढून म्हणाले.

“मंग आता त्यालाच नवस बोला. पोरं खोळंबलीत.”

शेवटी मॅडमनी बाजारातून प्लास्टिकचा मीटर मागवला. तो येताच काकासाहेब कुंकवाची डबी घेऊन पुढे सरसावले. मॅडमनी मीटर पदराआड धरला.