हजेरीपटावरचा हात

शैक्षणिक धोरणाच्या एम.ए.साठी पाहणी करायला मी डोंगरातल्या एका शाळेत गेले होते. पटसंख्या विचारली, तशी बाईंनी हजेरीपटावर हात ठेवला. पट उघडला मात्र नाही.

"मॅडम, शाळा बंद करायला आलात का?"

"अहो बाई, मी विद्यार्थिनी आहे. नुसता प्रबंध लिहायचाय."

"मागे आलेलेही असंच म्हणाले होते. पलीकडच्या वाडीतली शाळा गेली."

विद्यापीठात 'कमी पटाच्या शाळा' आम्ही किती सहज म्हणतो! आपल्याला कुणी घाबरेल, हे कधी मनातही आलं नव्हतं. आता मलाच माझी भीती वाटू लागली.

"नऊ मुलं आहेत," बाई अखेर म्हणाल्या.

मी आकडा लिहिला नाही. पण प्रबंधात तो रकाना रिकामा ठेवता येत नाही, हे मला ठाऊक होतं.