अण्णाचं रक्त आणि जोतिबाचा डोंगर

"रविवारी ये. जोतिबाला चालत जायाचं हाय." थोरल्या भावाचा, अण्णाचा फोन. वय सदुसष्ट, आणि गेल्या महिन्यातल्या ऑपरेशनमध्ये बरंच रक्त गेलेलं. पुण्यात बसून काळजी करण्यापेक्षा समोर जाऊन भांडलेलं बरं, म्हणून शनिवारी पहाटे स्वारगेटहून एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट आहे, पण रस्त्याची कामं चालू आहेत; वेळ हाताशी ठेवून निघा.

दुपारी त्याला आधी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या, "हाडातला मगज म्हणजे रक्ताचा कारखाना, आपल्या साखर कारखान्यासारखा. वय झालं तरी रोजचं गाळप चालतंय की. पण रक्त गेलं, अंगावर ताण आला, की ऊस एकदम वाढतो. तरणा कारखाना लगेच जादा पाळी लावतो, जुन्याला ते पटकन जमत नाही. तांबड्या पेशी अजून कमीच आहेत, अण्णा. वेळ द्या."

"आन डोंगर?"

"चढा, पण बसत बसत. चक्कर आली, छातीत दुखलं, तर तिथनंच माघारी."

संध्याकाळी खानावळीत मटणाचं ताट सांगितलं. अण्णानं पांढऱ्या रश्श्याची वाटी माझ्याकडे सरकवली आणि तांबडा ओरपत सुटला. वाढप्याला राहवेना. "पावणं, पांढरा नगं व्हय?"

"डॉक्टरनं सांगिटलंय, तांबडं कमी हाय!"

हसता हसता मला ठसका लागला. गडी ऑपरेशनपासून याच औषधावर होता. "अरे, पेशी तांबड्या! रस्सा नव्हे!"

"रंग त्योच की," अण्णा म्हणाला आणि आणखी एक वाटी मागवली.

सकाळी रिक्षानं डोंगराच्या पायथ्याच्या कुशिऱ्यापर्यंत गेलो, तिथून पायवाट. पाणी सोबत ठेवा. पहिल्याच चढाला अण्णाचा चेहरा पांढरा पडला. मी विचारलं, "फिरू या का माघारी?"

तालमीतला हा पैलवान या वाटेवर जन्मात कधी टेकला नव्हता. आज गुपचूप दगडावर बसला. शेजारून तरणी पोरं "चांगभलं!" करत पळाली.

"पळू द्यात. त्यांचा कारखाना नवा हाय," अण्णा म्हणाला, आणि श्वास परतल्यावर उठला. मग थोडं चालायचं, थोडं बसायचं. बसलं की तोंड सुरू. पहिली कुस्ती हरल्याचं त्यानं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं म्हणे. ते मला आत्ता कळलं. दुपारी देवळात पोचलो, गुलालानं माखलो, आणि अण्णानं असं दणदणीत "चांगभलं!" ठोकलं की पुढचे चारजण वळून बघायला लागले. मला रडू आलं, आनंदाचं.

घरी परतल्यापासून माझ्या पोटऱ्या बोलतायत. अण्णाचं रक्त अजून भरायचंय, भरेल सावकाश. लहानपणापासून त्या वाटेवर मला अण्णाची फक्त पाठ दिसायची, तीही लांबून. या वेळी वर पोचलो तेव्हा तो माझ्या शेजारी होता.