नवऱ्याचा नंबर एकशे सत्तावन्न

"आधी मी फार वाईट होतो म्हणून नको. आता फार चांगला आहे म्हणून नको! लोर्ना, तुला नक्की किती वाईट नवरा हवाय?"

"नवरा आहे तसा चालेल. संघ दोनशेच्या आसपासचा हवा."

ड्वेन हॉशने कॉफीचा मग आपटला. तो नदीच्या इलिनॉय काठावरच्या कॉलेजचा बास्केटबॉल प्रशिक्षक. लोर्ना आयोवा काठावरच्या, दुसऱ्या लीगमधल्या कॉलेजात; संघाने कोणाकोणाशी खेळायचं ते ठरवणारी. सव्वीस वर्षं ती फोनवर स्थळं बघावीत तसे प्रतिस्पर्धी बघत आली होती. फार उजवं नको, हरतो. फार डावं नको, जिंकलं तरी देशभरच्या साडेतीनशेवर संघांना नंबर देणारा कॉम्प्युटर नाक मुरडतो आणि एकापायी लीगमधली दहाही कॉलेजं खाली घसरतात. यंदा लीगचा नंबर टिकला, तर मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत लीगचे एकाऐवजी दोन संघ जाणार होते.

दोन काठांच्या कॉलेजांमधला डिसेंबरचा सामना मात्र पूर्वी कधी चुकला नव्हता. दोन वर्षांपूर्वी ड्वेनचा संघ तीनशे एकेचाळिसावा आला आणि लोर्नाच्या लीगच्या अध्यक्षांनी सामना कापला. ड्वेन आठवडाभर गॅरेजमध्ये जेवला. लोर्नाला राहवेना. मग त्याचंही वेळापत्रक तीच लिहू लागली, याच टेबलावर. त्याला झेपतील, पण अगदीच मरतुकडे नसतील, असे संघ हेरून. ड्वेन चढत चढत एकशे सत्तावन्नवर!

"आता अध्यक्ष म्हणतात, ड्वेनकडून घरच्या मैदानावर हरलो तर नाक कापलं जाईल."

"मला चढवलं कोणी?"

"मीच मेलीने." तिने कॅलेंडर पुढे ओढलं. एकोणतीस डिसेंबरचा चौकोन अजून कोरा होता. "घरच्या मैदानावर हरलं की नंबर धाडकन पडतो, तटस्थ मैदानावर कमी. ओमाहाला हॉल मिळतोय."

"चार मैलांवर तुझं मैदान, आणि तुझ्याशी खेळायला मी सव्वातीनशे मैल जाऊ?"

"एकाच बसने जाऊ. डिझेल वाचेल."

"हे माझं निवृत्तीआधीचं शेवटचं वर्ष आहे, बाई. गावातलं कोण येणार ओमाहाला?"

हे खरं होतं. लोर्नाने पेन्सिल चावली. मग तिचा चेहरा उजळला.

"ड्वेन, तू चार सामने हर ना! दोनशेवर आलास की मी लगेच हो म्हणते."

 ड्वेनने शिट्टी गळ्यात अडकवली, जेवणाचा डबा काखेत मारला आणि दार उघडं टाकून चालता झाला.

"बरं, तीन!" गाडी पुलाकडे वळताना ती अंगणातून ओरडली. "पण घरच्या मैदानावर हर! ड्वेन?"