ट्रकमधल्या पलंगाचं माप

परवा चिकपेटमध्ये ताज्या कापलेल्या प्लायवूडचा वास आला आणि आनेकलची शेड आठवली. तिथे अण्णा, म्हणजे माझे वडील, जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकवर राहायची खोली बांधत होते. आईशी त्यांचा कित्येक महिने अबोला होता. ते घर सोडून जाणार, असंच मी धरून चालले होते.

एका दुपारी मी आणि आई त्यांचा डबा घेऊन गेलो. अण्णा आईला म्हणाले, "स्वल्प आडवी हो. पलंगाचं माप घ्यायचंय."

आई फळीवर आडवी झाली. मग म्हणाली, "खिडकी माझ्या बाजूला करा."

मला वाटलं, मिटलं. दोघं त्या ट्रकने लडाखपर्यंत जाऊन आले आणि घरात पाऊल टाकताच पुन्हा अबोला! आज माझाही संसार जुना झाला, तरी त्या दोघांचं नेमकं काय होतं, मला कळत नाही.