मंजुश्रीनं गाळलेला विनोद

लातूरजवळच्या मुरुडच्या पेठेत बसवंतचं भुसाराचं दुकान. दुकानावरच्या खोलीत त्याची बायको मंजुश्री कानाला हेडफोन लावून दिवसदिवस बसलेली असायची. पेठेतल्या बायका म्हणायच्या, सून आणली का राणी आणली? बसल्या जागी पिक्चर बघती! सासू चांगुणाबाई पण आधी त्यांच्याच बाजूची. मग एकदा ती जिना चढून वर गेली, तर पडद्यावर फळ्यापुढं उभा एक मास्तर, आणि सून त्याचं बोलणं खाली अक्षरांत लिहीत बसलेली. ज्या लेकरांना ऐकू येत न्हाई, त्यांना वाचता यावं म्हणून. चांगुणाबाई खाली आली ती अख्ख्या पेठेला ऐकू जाईल अशी बोलली, "पिक्चर न्हाई बघत माझी सून. बहिऱ्या लेकरांचे कान झालीय ती!" तेव्हापासून वर चहा जाऊ लागला, तोही आल्याचा.

हे कॅप्शनचं काम मंजुश्री नांदेडला शिकून आली होती. शिकवणाऱ्या बाईंनी एक बजावलं होतं, पडद्यावर एका वेळी ओळी दोनच, त्याही निवांत वाचता येतील अशा. आता तिच्याकडं यायचे ते लातूरच्या कॉलेजातल्या मल्लिनाथ सरांच्या तासांचे व्हिडिओ, आणि सरांना दोन ओळींत बसवायचं म्हणजे हत्तीला पाळण्यात निजवायचं. सर रसायनशास्त्र शिकवायचे, पण त्यात सासू यायची, म्हैस यायची, उदगीरचे पाहुणे जेवून जायचे. आपल्याकडं रीतच हाय ती. जे जिवावरचं असतं ते मोठं माणूस सरळ सांगत न्हाई, हसवून सांगतं. हसलेलं माणूस विसरत न्हाई. मंजुश्री मात्र हसणं गाळायची आणि शास्त्र ठेवायची. तिला वाटायचं, पोरीचं ओझं हलकं करते मी.

पोरगी म्हणजे शिवानी. लोहा गावची, लातुरात होस्टेलला राहणारी, वर्गात ऐकू न येणारी एकटीच. पहिला व्हिडिओ बघून तिनं मंजुश्रीला मेसेज केला होता, "अक्का, आता मला वर्गात काय चाललंय ते कळतं. तुम्ही लिहिता तेवढंच सर बोलले, असं मी धरते." मंजुश्रीनं तो नवऱ्याला दाखवला, सासूला वाचून दाखवला. कौतुक कुणाला नको असतं?

त्या दिवशी घरी पाहुणे होते म्हणून मंजुश्री भजी तळायला बसली. झारा धुतला आणि तसाच ओला कढईत घातला. तेल फाडकन उसळलं, थेंब पार भिंतीपर्यंत गेले. चांगुणाबाईनं तिला दंडाला धरून मागं ओढलं.

"काय करलालीस गं? तापल्या तेलात पाणी घालतात का? तोंड भाजलं असतं की! दिवसभर मास्तराचं ऐकतीस, त्यानं एवढं सांगितलं न्हाई व्हय तुला?"

"सांगितलं होतं, आत्याबाई," मंजुश्री म्हणाली, आणि तिनं गॅस बंद केला.

सांगितलं होतं खरंच. परवाच्या व्हिडिओत सर म्हणाले होते, "तापलेल्या सासूवर गार शहाणपण ओतायला जाऊ नका, उसळून तुमच्याच तोंडावर येईल. सासूलाच हळूहळू थंड घरात घ्या. ॲसिडचं तसंच. पाण्यात ॲसिड, तेही थेंब थेंब. ॲसिडवर पाणी ओतलं की गेलं थोबाड!" वर्ग खो खो हसला होता. मंजुश्री पण हसली होती आणि सरांचं सासूपुराण म्हणून सगळंच्या सगळं उडवलं होतं. खाली ठेवलं एवढंच: ॲसिड आणि पाणी हलक्या हाताने मिसळा.

आणि त्या ॲसिडचं प्रॅक्टिकल आजच होतं.

तिनं शिवानीला मेसेज टाकला. एकच टिक. प्रॅक्टिकलला फोन बाहेरच्या पेटीत ठेवायला लावतात, हे तिला ठाऊक होतं, तरी दुसरा टाकला, तिसरा टाकला. सरांना फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. कॉलेजच्या कचेरीत कुणी उचलेना. ती पिठाच्या हातानंच जिना उतरून दुकानात गेली.

"अहो, गाडी काढा. लातूरला जायचंय."

बसवंत जवारी मोजत होता. "गिऱ्हाईक हाय मंजू."

"ते उद्या पण येईल. पोरीचं तोंड उद्या येणार न्हाई."

बसवंतनं बायकोकडं बघितलं, पोतं तसंच सोडलं आणि शटर ओढलं.

रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या. एकीला ओलांडावं तर पुढं दुसरी, हलत डुलत, जणू लग्नाला निघालेली.

"जोरात घ्या की."

"ट्रॉलीखालून घेऊ का? दम धर. मल्लिनाथ सर असतील तिथं, बघतील ते."

"सरांना वाटतंय, त्यांनी सांगितलंय."

बसवंतलाही आता भीती शिवली असावी, कारण त्यानं गाडी रस्त्याच्या कडेनं, धुरळ्यातून घातली. मंजुश्रीनं डोळे मिटले तर आत शिवानीचेच डोळे. व्हिडिओ कॉलवर पोरगी कशी बघायची, पापणी न लववता! देवानं कान दिले न्हाईत, सगळा कारभार डोळ्यांवर. आणि ॲसिड उसळलं तर आधी कुठं जाणार?

कॉलेजात शिपायानं प्रयोगशाळेच्या दारात अडवलं. "बाई, प्रॅक्टिकल चालू हाय, आत जाता यायचं न्हाई." बसवंत त्याच्याशी हुज्जत घालत मधे उभा राहिला आणि मंजुश्री शिपायाच्या काखेखालून आत पळाली.

प्रयोगशाळेच्या अगदी शेवटच्या टेबलाशी शिवानी पाठमोरी उभी. पुढ्यात काचेच्या भांड्यात ॲसिड घेतलेलं, हातात पाण्याचं भांडं, आणि ते भांडं उचललेलं.

"शिवानी, थांब!"

मंजुश्री एवढ्यानं ओरडली की सगळी पोरं वळली, सर वळले, शिपाई वळला. वळली न्हाई ती एकटी शिवानी. ओरडण्याचा उपयोग ज्यांना नव्हता, त्यांनाच ते ऐकू गेलं.

मधे टेबलं, स्टुलं, पोरं. धावत जाऊन हात धरावा तर दचकून हातातलं सांडेल. नांदेडला तिनं बघितलं होतं, ऐकू न येणारी माणसं एकमेकांना हाक मारायची तर दिव्याचं बटण दाबतात. दाराशी बटणांची पाटी होती. तिनं सगळी बटणं एकदम खाली-वर, खाली-वर केली. छतावरच्या दिव्यांच्या नळ्या लुकलुकल्या.

शिवानीनं मान वर केली. छताकडं बघितलं. मग वळली. अक्काला दारात बघून तिच्या कपाळावर आठी पडली, आणि पाण्याचं भांडं तिनं टेबलावर ठेवलं.

मंजुश्री टेबलांमधून वाट काढत तिच्यापाशी गेली.

सर जवळ आले. टेबलावरचं बघून त्यांच्याही तोंडचं पाणी पळालं. "पण मी तर सगळ्यांना सांगितलं होतं हो!"

"सगळ्यांना न्हाई सर," मंजुश्री म्हणाली. "मधे मी होते."

तिनं खडू घेतला आणि फळ्यावर सरांचं बोलणं लिहिलं, तापल्या सासूपासून थोबाडापर्यंत. ते दोन ओळींत मावलं न्हाई. पोरं पुन्हा हसली. शिवानी हसली न्हाई. तिनं वाचलं, ॲसिडच्या भांड्याकडं बघितलं, स्वतःच्या गालाला हात लावला आणि खडू घेऊन खाली लिहिलं, "त्या दिवशी सगळे हसले, तेव्हा मी शेजारणीला विचारलं होतं. ती म्हणाली, काही नाही."

जरा थांबून आणखी लिहिलं, "अक्का, बाकीच्या व्हिडिओत सगळे कुठं कुठं हसले?"

मल्लिनाथ सर तर प्रत्येक तासाला हसवायचे. काय काय गाळलं होतं तिनं? गॅसचं? काचेचं? पोरीनं किती वेळा अशाच अर्ध्या ओळीवर भरवसा ठेवून हात घातला असेल?

सर म्हणाले, "बाई, माझं सगळं लिहायचं म्हटलं तर तुम्ही बेजार व्हाल."

"होऊ द्या," मंजुश्री म्हणाली.

पोरं आपापल्या टेबलाला लागली. शिवानीनं मात्र प्रयोग केला न्हाई, सरांनीही जबरदस्ती केली न्हाई. तिनं पेटीतून फोन घेतला, व्हरांड्यात मंजुश्रीशेजारी बसली आणि पहिला व्हिडिओ लावला. थोड्याच वेळात पडद्यावर पोरं हसली. शिवानीनं बोट ठेवून चित्र थांबवलं आणि मंजुश्रीच्या तोंडाकडं बघत राहिली.

मंजुश्रीनं व्हिडिओ जरा मागं घेतला आणि त्या हसण्याआधी सर काय म्हणाले ते ऐकायला भीत भीत फोन कानाला लावला.