पाचव्या अध्यायाची वाट: भोर, नसरापूर, वेल्हे

राहेलआत्याने प्रभुभोजन घेणं सोडलंय, हे मला पाळकसाहेबांच्या पत्रातून कळलं आणि माझं डोकंच फिरलं. पत्रात लिहिलं होतं की आत्या प्रार्थनेला येते, सगळ्यांच्या वर आवाज चढवून गाते, पण भाकर आणि द्राक्षारसाची वेळ झाली की उठून बाहेर पायरीवर जाऊन बसते. सहा-सात महिने हेच चाललंय. विचारलं तर नुसती हसते. साठी ओलांडलेली बाई, उद्या डोळे मिटले तर? मी शाळेला दिवाळीची सुट्टी लागायची वाट पाहिली, पिशवी भरली आणि भोरची मोटार गाठली.

तुम्ही कुणी जाणार असाल तर ऐका. सर्व्हिस मोटार स्वारगेटच्या नाक्यावरून सकाळी सुटते म्हणतात. ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली म्हणजे किती हे ड्रायव्हरच ठरवतो. माझ्या पायाशी कोंबड्यांची डालगी होती आणि मांडीवर अनोळखी बाईचं गाठोडं. कात्रजच्या घाटात इंजिन तापलं तेव्हा सगळे उतरले. उतरायचंच होतं, पाय मोकळे झाले. बारा आण्यांत एवढं सगळं मिळतं. बरोबर भाकरी-चटणी ठेवा, कारण शिवापूरला थांबेल असं सांगतात आणि थांबत नाहीत. नसरापूर मागे पडलं, संस्थानची हद्द लागली, आणि दोन्ही बाजूंनी पिवळं पडलेलं भात दिसायला लागलं. भाटघरच्या धरणाचं पाणी पाहून मोटारीतले सगळे एका बाजूला झुकले, मीही झुकले.

आत्याची खोली भोरात नदीकडच्या आळीत आहे. ती सुईणपण करते, गावोगाव औषधाची पेटी घेऊन फिरते आणि बायकांना शास्त्र वाचून दाखवते. मी दारात पिशवी ठेवली आणि पाणी पिण्याआधीच विचारलं, की हे काय नवीन खूळ. ती म्हणाली, आधी जेव.

जेवताना सगळं बाहेर आलं. आत्याचा एक नेम आहे, तो मला लहानपणापासून ठाऊक होता पण त्यात इतकी धार असेल असं वाटलं नव्हतं. ती शास्त्रातलं एक वचन घेते आणि ते हातून घडल्याशिवाय पुढचं वाचत नाही. मग त्याला दिवस लागो की वर्ष. नवरा गेल्यावर तिने शुभवर्तमान पहिल्या पानापासून असं धरलं. पहिल्या अध्यायातली नावांची वंशावळ तिने एका बैठकीत पार केली, म्हणे त्यात पाळायचं काय. तिथून पुढे गाडी अडखळत चालली. अकरा वर्षांत ती पाचव्या अध्यायात पोचली आहे.

मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. मी दरवर्षी रोजचे अध्याय ठरवून सबंध शास्त्र वाचून काढते. चार वेळा झालंय. शाळेत मुलींना मी हे अभिमानाने सांगते.

"आणि आता कुठे अडलंय?" मी विचारलं.

आत्याने पुस्तक काढलं. खुणेची दोरी होती तिथे पान बोटांनी काळं पडलं होतं. वेदीपाशी दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. अशा अर्थाचं ते वचन. आपण सगळे ते वाचतो आणि पुढे जातो. आत्या पायरीवर जाऊन बसली.

तिच्या मनात होती हौसाबाई, वेल्ह्याच्या अलीकडच्या एका वाडीतली शेतकरीण. आत्या त्या वाडीत सहा वर्षं हौसाबाईच्या गोठ्याशेजारच्या खोलीत राहिली. हौसाबाईचा नातू आत्याच्या हातावर जन्मला. दोघी एका चुलीवर भाजी करायच्या नाहीत, पण एका विळीवर चिरायच्या, असं आत्या सांगते. मग मागच्या सुगीत एका रविवारी, भात कापून शेतात आडवं पडलेलं असताना आभाळ भरून आलं. घरची माणसं थोडी. हौसाबाई धावत आली, पेंढ्या बांधायला चल म्हणाली. आत्या म्हणाली, आज प्रभूचा दिवस, मी कामाला हात लावत नाही, मी पाऊस थांबावा म्हणून प्रार्थना करते. ती आत बसून प्रार्थना करत राहिली आणि बाहेर पाऊस पडला. भाताला पेंढीतच मोड आले. त्या वर्षी हौसाबाईच्या घरात सणालासुद्धा नाचणीच होती. ती आत्याला एक शब्द बोलली नाही. महिन्याभराने आत्या खोली सोडून भोरला आली.

"अगं, पण विसाव्याच्या दिवशी मेंढरू खड्ड्यात पडलं तर माणूस काढतोच की, असं त्याच पुस्तकात पुढे आहे," मी म्हणाले. मला राहवेना.

"ऐकलंय मी ते. पण माझं पान तिथवर आलं नव्हतं, एस्तू."

मला तिचा रागही आला आणि मनात कुठेतरी टोचलंही. मला ते वचन चार वेळा वाचून पाठ होतं, पण मी जन्मात कुणाच्या शेतात गेले नव्हते. तिकडे पुण्यात मंजुळाबाईंशी माझं दोन वर्षं बोलणं नाही. रविवारच्या शाळेतल्या गाण्यांवरून झालेलं भांडण आहे. त्या उपासनामंदिरात दुसऱ्या बाकावर बसतात म्हणून मी चौथ्यावर बसते, आणि भाकर दोघीही घेतो.

दुसरा दिवस आत्याबरोबर फिरण्यात गेला. पहाटे उठून ती पुस्तक उघडते, तेच एक वचन वाचते आणि मिटते. मग अंगण झाडताना, चूल पेटवताना, पेटी भरताना ते ओठांवर चालू असतं. आम्ही पायी उत्रोलीला गेलो. तिथे एका बाळंतिणीला पाहिलं, एका म्हातारबांचं गळू फोडलं. म्हातारबा कण्हत होते आणि आत्या त्यांना म्हणत होती, आबा, जरा धीर धरा, झालंच. उपदेश एक नाही. परतताना मी विचारलं, मग शास्त्र वाचून कधी दाखवतेस? म्हणाली, मागतात तेव्हा. उत्रोलीचा भात मऊ शिजतो आणि वास असा की कालवणाची गरज नाही. मिळाला तर सोडू नका.

शनिवारी आम्ही वेल्ह्याकडे निघालो. आत्या आधी दोनदा जाऊन आली होती. दोन्ही वेळा हौसाबाई तिला पाहून गोठ्यात शिरली ती बाहेर आलीच नाही. या खेपेला मी आहे म्हणून आत्याला धीर होता, आणि मला अजिबात नव्हता. भोरहून मोटारीने नसरापूर, तिथे चहा (गूळ जास्त, दूध नावाला), मग वेल्ह्याकडे जाणारी बैलगाडी. गाडीवान वरवे गावचा होता, बोलका. तुम्ही किरिस्ताव लोक दारू पिता का, कोट घालता का, सगळं विचारून झालं. आत्याने शांतपणे उत्तरं दिली आणि शेवटी त्याच्या बैलाच्या खांद्यावरच्या जखमेला मलम लावून दिलं. डावीकडे राजगड, समोर तोरणा, आणि हाडं खिळखिळी करणारा रस्ता. डोंगर पाहायचे असतील तर गाडीतून उतरून चाला, तेच सोयीचं आहे. शेवटचे दोन मैल आम्ही चाललोच.

वाडीत पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. हौसाबाई खळं सारवत होती. हात शेणाने भरलेले, त्यामुळे तिला गोठ्यात पळता आलं नाही. आत्या खळ्याच्या बाहेर थांबली आणि म्हणाली, की हौसे, माझं चुकलं, तुझ्या भाताचं मी नुकसान केलं. एवढंच. वचन नाही, कारण नाही.

हौसाबाईने मान वर केली नाही. सारवत सारवतच बोलली.

"आमी उद्या झोडणी धरलीया. ऐतवार हाय. तुमचं जमायचं न्हाई, बाई."

पूर्वी ती आत्याला नावाने हाक मारायची, अगं-तुगं करायची. ते 'तुमचं' आणि 'बाई' आत्याला लागलं, मला चेहऱ्यावर दिसलं. आम्ही जवळच्या देवळाच्या ओसरीवर मुक्काम केला. पुजाऱ्याने घोंगडी दिली आणि एका शब्दाने काही विचारलं नाही. मला वाटत होतं, आता आत्याचा रविवारचा नेम मोडणार, नाहीतर मैत्री कायमची तुटणार. चाळीस वर्षांत एका रविवारीही या बाईने सुईत दोरा ओवलेला नाही.

पहाटे तिने पुस्तक उघडलं, वाचलं, मिटलं. मग लुगडं खोचलं आणि खळ्याकडे निघाली. मी मागोमाग.

कुणी या म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. हौसाबाई एका कडेला भात पाखडत बसली होती; तिची सून आणि दोन शेजारणी होत्या, त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. आत्याने पेंढी उचलली आणि फळीवर झोडायला लागली. मीही उचलली. दहा पेंढ्यांत माझे तळवे सोलले, कुसळं मानेत गेली, आणि माझी पेंढी निम्मी भरलेलीच राहते म्हणून सुनेने ती पुन्हा झोडली. आत्या मात्र थांबत नव्हती. घाम डोळ्यांत उतरत होता. मला तिच्याकडे पाहून रडू येत होतं आणि तिचा अभिमान वाटत होता, दोन्ही एकदम.

सूर्य डोक्याकडे सरकू लागला तशी हौसाबाई उठली. तिने सावलीकडे पाहिलं. मग सुनेच्या हातातली पेंढी काढून खाली ठेवली, शेजारणींना हाताने थांबवलं. आत्या तशीच झोडत होती, तिच्या हातावर हौसाबाईने हात ठेवला.

"राहेल, तुजी प्रार्थनेची येळ झाली. सा वरसं रोज ऐकलीया म्या, मला ठावं न्हाई व्हय? म्हण तू. आमी थांबतो."

आत्या भाताच्या राशीपाशी गुडघ्यांवर बसली. हौसाबाई शेजारी उकिडवी बसली, डोक्यावर पदर घेऊन. आत्याने प्रार्थना केली ती चार ओळींची, त्यात आमच्या कुणाचं नाव नव्हतं, फक्त या खळ्यावरचं धान्य या घराला पुरू दे एवढंच होतं. आमेन मी म्हटलं, आणि सुनेनेही म्हटलं, उगाच मागे राहायला नको म्हणून. मग हौसाबाई म्हणाली, चला आता, ऊन चढतंय, आणि पुन्हा झोडणी सुरू झाली. दुपारी नव्या तांदळाचा भात आणि कुळथाचं पिठलं. त्या जेवणाबद्दल मी लिहिणार नाही, तुम्हाला ते विकत मिळायचं नाही.

सोमवारी निघताना हौसाबाईने आत्याच्या पदरात पायलीभर तांदूळ बांधले. भोरला पोचून मी पुण्याची मोटार धरली. तळव्यांवर फोड होते, शाळेत खडू धरवत नव्हता.

महिन्याभराने आत्याचं कार्ड आलं. पाळकसाहेब आले होते, प्रभुभोजन घेतलं, भाकर हौसाच्या तांदळाची असती तर बरं झालं असतं, असं लिहिलं होतं. खाली एक ओळ: पान उलटलं. पुढचं वचनही समेटाचंच निघालं, तो वाटेत असतानाच करावा असं. माझ्याकडे आता समेट करायला कुणी उरलं नाही, ते तू घे.

रविवारी मी मंदिरात लवकर गेले. चौथ्या बाकापाशी पाय थांबले, सवयच ती. मग पुढे गेले आणि दुसऱ्या बाकाच्या टोकाला उभी राहिले. मंजुळाबाईंनी पाहिलं, गीतपुस्तक पाहिल्यासारखं केलं, आणि बऱ्याच वेळाने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. मी बसले. म्हटलं, मंजुळाबाई, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, जरा इकडे सरका, वारा लागतो तिथे.

यंदा माझं शास्त्र वाचून पुरं व्हायचं नाही. मी पाचव्या अध्यायात आहे.