बत्ती लागायच्या आधी

"बत्ती लागायच्या आदी काय झाला, ता सांगा."

गाडीचं बॉनेट उघडण्यापूर्वी चाचा हा प्रश्न विचारायचे. हात फडक्याला पुसायचे, उजवीकडचं दार उघडून ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसायचे, दोन्ही हात मांडीवर ठेवायचे आणि गिऱ्हाइकाकडे बघत राहायचे. घाई अजिबात नाही.

माणसं बहुतेक म्हणायची, "काहीच नाही झालं. अचानक लागली." त्यावर चाचांचं उत्तर ठरलेलं.

"अचानक काय नसता. बत्ती झूट बोलत नाय, पन सगला बोलत पन नाय. ऱ्हायलेला तुमी सांगा."

चाचा रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावातले. मस्कतला, वादी कबीरच्या गॅरेजांच्या गल्लीत, गाड्यांच्या विजेची कामं करायचे. तिथे स्टीअरिंग डावीकडे असतं, म्हणून ड्रायव्हरशेजारची सीट उजवीकडची. मी त्याच भागातल्या शाळेत गणित शिकवायचे. त्यांचं नाव मी इथे सांगणार नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही. अख्खी गल्ली त्यांना चाचा म्हणायची, मीही म्हणायचे.

आमची ओळख झाली ती माझ्या मूर्खपणामुळे. नव्वदचं दशक संपल्यावर आम्ही एक सेकंडहँड जीप घेतली. तिच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा होता: घसरणारी गाडी, आणि तिच्यामागे दोन वाकड्या रेघा. वळणावर गाडी घसरू नये म्हणून आतला कॉम्प्युटर चाकांना आपोआप ब्रेक लावतो, आणि त्याचं काही बिनसलं की हा दिवा लागतो, हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला वाटलं, पुढचा रस्ता ओला आहे असं गाडी सांगतेय. जिथे पाऊस वर्षातून जेमतेम दोनदा पडतो आणि पडला की शाळेला सुट्टी देतात, त्या गावात. नवरा म्हणाला, "जाईल आपोआप." हे त्याचं सगळ्यावरचं औषध आहे.

दिवा गेला नाही. एका मोठ्या गॅरेजमध्ये सांगितलं की आतला कॉम्प्युटरच बदलावा लागेल. तेव्हा शाळेच्या बसड्रायव्हरने मला चाचांकडे धाडलं.

चाचा शेजारी बसले. प्रश्न विचारला. मी म्हटलं, "काही नाही झालं."

"कधी लागली?"

"दसऱ्याच्या संध्याकाळी."

"सकाली काय केलात?"

"सकाळी पूजा केली. गाडीची."

"कशी केलात, ता सगला सांगा."

आता हे काय, असं वाटलं, पण सांगितलं. स्टीअरिंगला हळदकुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला आणि त्याचं पाणी सगळीकडे शिंपडलं. आतसुद्धा. चाचांनी मान डोलावली, खिशातला जुना टूथब्रश काढला आणि डॅशबोर्डच्या एका कोपऱ्यातलं बटण घासायला घेतलं. घसरण थांबवणारी ती यंत्रणा बंद करायचं बटण नारळपाणी आणि कुंकवाने चिकटून आत दबून बसलं होतं. पाच मिनिटांत ते वर आलं आणि दिवा विझला.

"पूजा सोडू नका, टीचर," ते म्हणाले. "फकस्त नारलाचा पानी भायेर." स्टीअरिंगवरच्या कुंकवाच्या बोटाला मात्र त्यांनी ब्रश लागू दिला नव्हता. मला त्याच क्षणी हा माणूस आवडला.

नंतर मी उगाचच त्या गल्लीत रेंगाळायला लागले. तुम्हीही रेंगाळला असता. त्या उजव्या सीटवर बसून चाचा लोकांकडून काय काय काढून घ्यायचे! एकाने चारांतला एकच टायर बदलला होता, आणि तोही भावाच्या गाडीचा, वेगळ्या मापाचा. चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात म्हटल्यावर कॉम्प्युटर बिचारा गोंधळणारच. एका डॉक्टरबाईंना दुसऱ्या गॅरेजवाल्याने घाबरवून सोडलं होतं. त्यांनी अर्धा तास "काहीच नाही" म्हणून मग सांगितलं, की हो, बॅटरी काढून बसवली होती. चाचा हसले. इंजिन चालू ठेवून त्यांनी स्टीअरिंग डावीकडे शेवटपर्यंत फिरवलं, मग उजवीकडे शेवटपर्यंत, मग सरळ. दिवा गेला.

"बॅटरी काढली का काही गाड्या 'सीधा' म्हंजे काय ता इसरतात," त्यांनी सांगितलं. "याद दिली का झाला. खलास."

आणि एक गृहस्थ बायकोला घेऊन आले होते. चाकाजवळच्या सेन्सरमध्ये वाळू गच्च भरलेली. मागच्या शुक्रवारी हे गृहस्थ ऑफिसात जादा कामाला होते, असं बायको म्हणत होती. गृहस्थ वाळवंटात दोस्तांबरोबर गाडी उडवत होते, हे त्यांच्या कानांच्या रंगावरून मलाही कळलं. बायकोने विचारलं, "एवढी वाळू आली कुठून?" चाचा ब्रश मारता मारता म्हणाले, "बाय, मस्कतात वालू खंय नाय?" यात खोटं काही नव्हतं. त्या गृहस्थांनी नंतर चाचांना मोठा खजुराचा डबा आणून दिला.

बिघाड सापडल्यावर गाडी रस्त्यावर फिरवून बघावी लागते. तेव्हाही चाचा उजव्या सीटवरच. "चालवा, मी ऐकतो," म्हणायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं, काय ही पद्धत! उस्ताद माणूस. एकदा माझा हात मुरगळला होता, म्हणून मी म्हटलं, "चाचा, आज तुम्हीच चालवा." त्यांनी फडकं उचललं आणि आधीच पुसलेले हात पुन्हा पुसायला लागले.

"मना लायसन नाय, टीचर."

बावीस वर्षं गाड्या दुरुस्त करणारा माणूस गॅरेजच्या फाटकाबाहेर गाडी नेऊ शकत नव्हता. सात वेळा परीक्षा दिली होती. ओळीने उभ्या केलेल्या ड्रममधून गाडी मागे न्यायची, ते पहिल्याच वेळी पास. चढावर थांबवून पुढे न्यायची, तेही पास. रस्त्यावरच्या परीक्षेत सातही वेळा नापास.

हे सांगताना त्यांचा चेहरा इतका उतरला की मी त्यांचंच शस्त्र बाहेर काढलं. "ऱ्हायलेलं सांगा, चाचा."

राहिलेलं असं होतं. मस्कतला आले त्या पहिल्या वर्षी त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या गाडीत स्टीअरिंगवर हात ठेवून फोटो काढला आणि गावी बायकोला पाठवला. सोबत लिहिलं, की मी आता गाडी चालवतो. नवं लग्न होतं, रुबाब दाखवायचा होता. नंतर ते मोडायचा धीर झाला नाही. दोन वर्षांनी एकदा घरी जायचे तेव्हा कोणी मोटार चालवायला दिली, तर म्हणायचे, "थय उजव्या बाजून चालवतत, माझा हात तसा बसलाय." आणि आता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांच्या अर्बाबने, म्हणजे ओमानी मालकाने, कागदपत्रं करून दिली होती आणि चाची दोन महिन्यांसाठी मस्कतला येणार होती. दीड महिन्यात.

"एअरपोर्टावर ती बोलल, गाडी खंय हाय? मंग मी काय टॅक्सीत बसवू तिला?"

मी शिक्षिका आहे. सात वेळा नापास झालेला विद्यार्थी समोर आला की माझे हात शिवशिवतात. मी विचारलं, "नापास व्हायच्या आधी काय झालं, ते सांगा. प्रत्येक वेळचं."

ऐकत गेले तसं हसू आवरेना. पहिल्या वेळी त्यांनी परीक्षा घेणाऱ्या पोलिसाला सांगितलं की तुमच्या गाडीचा अल्टरनेटर कमी चार्ज देतोय. दुसऱ्या वेळी तेलाच्या दिव्याबद्दल सांगितलं. तिसऱ्या वेळी काही बोलले नाहीत, पण इंजिनच्या तापमानाचा काटा बघत गोल चौकात शिरले. पोलीस दर वेळी म्हणायचा, "शूफ सीदा!" समोर बघ. आणि चाचा दर वेळी डॅशबोर्ड बघायचे. जन्मभर तेच केलं होतं, त्यांचा काय दोष?

पुढचे पाच शुक्रवार आम्ही सकाळी शहराबाहेर अल अमेरातला गेलो. तेव्हा तिथे घरं नुकती उठत होती आणि मोकळी मैदानं पुष्कळ होती. असं शिकवणं कायद्यात बसत नव्हतं, पण आता कबूल करायला हरकत नाही. मी घरून निळ्या चौकड्यांचा एक नॅपकिन नेला आणि सगळ्या काट्यांवर, दिव्यांवर पसरून चिकटपट्टीने लावून टाकला. चाचांची पहिली दहा मिनिटं फार वाईट गेली. डोळे सारखे खाली जायचे, नॅपकिन दिसायचा, आणि मी ओरडायचे, "शूफ सीदा, चाचा!" मागे नवरा पोह्यांचा डबा धरून बसलेला. त्याला मी साक्षीदार म्हणून आणला होता, पण तो डुलक्या काढायचा.

चौथ्या शुक्रवारी त्यांची नजर समोर टिकली. पाचव्या शुक्रवारी त्यांनी नॅपकिनकडे एकदाही बघितलं नाही, आणि नवरा जागा राहिला.

आठव्या वेळी ते पास झाले. मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी ओमानी हलव्याचं मडकं घेऊन उभे होते. लायसन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "फोटो बघा, टीचर. हो खरो हाय." मला एकदम भरून आलं. मुलं बघत होती म्हणून मी हलव्याचं कौतुक करत बसले.

बाराव्या दिवशी चाची आली. सकाळचं विमान होतं. चाचांनी आदल्या दिवशी आमची जीप गॅरेजला नेऊन धुतली, पुसली, जिथे जिथे हात पोचला तिथे साफ केली. सीबच्या एअरपोर्टकडे जाताना मी शेजारी बसले होते आणि रस्ताभर त्यांचे डोळे कुठे आहेत तेच बघत होते. डोळे समोर होते. मी खूश.

चाची लहानखुरी, चुणचुणीत बाई. एका हातात कुळथाच्या पिठाची पिशवी, ती काही केल्या सोडेना. मी मागे बसले, ती पुढे. चाचा ताठ बसून निघाले. सगळं मस्कत बाजूने भरधाव चाललेलं आणि आम्ही साठने. लोक हॉर्न वाजवत होते. चाची दोन्ही बाजूंच्या झाडांकडे, फुलांकडे बघत होती. मग तिची नजर आत आली.

"ही पिवली बत्ती कसली?"

मी पुढे वाकून बघितलं. घसरणारी गाडी, दोन वाकड्या रेघा. एअरपोर्टला जातानाही तो दिवा लागलेलाच असणार. एक माणूस डॅशबोर्ड न बघायला शिकला होता आणि मी त्याला बघत बसले होते.

चाचांनी इंडिकेटर दिला, आरसा बघितला, गाडी बाजूला घेऊन थांबवली. अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले. इतकी वर्षं उजव्या सीटवर बसायचे तसेच, पण आज डावीकडे.

"बत्ती लागायच्या आदी काय झाला ता सांगतो," ते म्हणाले.

मला वाटलं, आता हे बॅटरीबद्दल बोलणार. ते बायकोकडे बघून म्हणाले, "माझा लायसन बारा दिवसांचा हाय. तो फोटो झूटो होतो. गाडी माझी नव्हती, आनि मना चालवता पन येत नव्हती."

चाची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली. मला गाडीतून उतरून कुठेतरी निघून जावंसं वाटत होतं.

"म्हंजे ही बावीस वरसां तुमी गाडीत बसतच नव्हता?"

"चालवत नव्हतो."

"आनि मी रोज मगरिबच्या नमाजीनंतर तुमच्या गाडीसाठी दुवा मागतेय. गल्फात माणसा गाडीन मरतात ऐकलंव, तवापासून. एक दिवस चुकवला नाय. ताप असला तरी उठून बसलेय."

 हे चाचांना कधी सुचलंच नव्हतं. रुबाबासाठी पाठवलेल्या एका फोटोने तिकडे खाडीकाठी कोणाचा जीव रोज संध्याकाळी टांगणीला लागत असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांचे डोळे भरले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मना म्हायतच नव्हता गो."

चाची त्यांच्याकडे बघत राहिली आणि एकाएकी हसायला लागली. ओढणी तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली. "माझी येवडी दुवा," तिला बोलता येईना, "उभ्या ऱ्हायलेल्या गाडीसाठी!" मग मीही हसले. शेवटी चाचाही.

"आता त्या बत्तीचा बघा," ती डोळे पुसत म्हणाली.

आदल्या दिवशी साफसफाईच्या भरात चाचांनी बॅटरीची टोकं काढून घासली होती. स्टीअरिंग डावीकडे शेवटपर्यंत, उजवीकडे शेवटपर्यंत, मग सरळ. दिवा गेला.

चाचा काही वर्षांनी कायमचे गावी गेले. आता त्या गॅरेजमध्ये स्कॅनर आहे. तो लावला की बिघाडाचा नंबर दिसतो. काम चोख होतं. पण मी गाडी नेली की सवयीने उजवीकडचं दार उघडून ठेवते, आणि तिथे कोणी येऊन बसत नाही.

गावी त्यांनी एक जुनी व्हॅन घेतलीय. निळा नॅपकिन त्यांनी जाताना माझ्याकडून मागून घेतला होता. परवा ईदच्या शुभेच्छा द्यायला संध्याकाळी फोन केला, तर चाचीने उचलला. चाचा बाजारात गेले होते, व्हॅन घेऊन.

"बरे चालवतात ना?" मी विचारलं.

"चालवतात. पन रस्त्यात म्हशी, रस्त्यात पोरा. मी दुवा परत चालू केलीय," ती म्हणाली. "आज जरा येल लागलाय."

आम्ही कुळथाच्या पिठाबद्दल बोललो. ती उत्तरं देत होती, पण लक्ष माझ्याकडे नव्हतं. मग लांबून एक हॉर्न ऐकू आला, मलासुद्धा.

"आले," चाची म्हणाली, आणि फोन तसाच ठेवून दाराकडे गेली.